गुळाचं आहे, चालतं!

यंदा संक्रांतीला आमच्या सांगलीच्या घरी अकरा माणसं जेवायला होती आणि त्यातल्या पाच जणांना शुगर होती. हा आकडा मी मुद्दाम मोजला. मोजायची सवय नोकरीमुळे लागली आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, आणि कशाचाही लॉग नसला की मला बेचैन व्हायला होतं.

गुळपोळ्या आईने केल्या होत्या. सकाळी सहापासून ती तव्यासमोर उभी होती आणि सगळ्यांचं झाल्यावर अडीचला जेवायला बसली. तिलाही शुगर आहे, सहा वर्षांपासून. तिने एक पोळी घेतली. आत्याने दुसरी वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाली, "घे गं वहिनी, गुळाचं आहे, चालतं."

साडेचारला मी आईला मीटर लावायला लावलं. २७१.

तिने पदराला बोट पुसलं आणि म्हणाली, "हा आकडा लिहू नकोस. सणाचा आहे."

हा लेख त्या वाक्यावरच्या रागातून लिहिलेला आहे. राग आईवर नाही. "गुळाचं आहे, चालतं" हे वाक्य आपण इतक्या प्रेमाने म्हणतो, आणि ते इतकं धडधडीत खोटं आहे, त्यावर आहे.

आधी गुळाचं बघू. माझे आजोबा ऊस लावायचे. गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला उभं राहून पळसाच्या पानावर गरम काकवी चाटणं ही माझ्या लहानपणची सगळ्यात चांगली आठवण आहे, त्यामुळे गुळाबद्दल मला आकस आहे असं कुणी समजू नये. पण ज्याने गुऱ्हाळ पाहिलंय त्याला तरी हे कळायला हवं की उसाचा रस आटवला की गूळ होतो आणि त्याच रसातून स्फटिक वेगळे काढले की साखर होते. एकाच आईची दोन पोरं. एक शहरात जाऊन गोरं झालं, एक गावात राहिलं. १०० ग्रॅम साखरेत १०० ग्रॅम कार्ब्ज असतात, १०० ग्रॅम गुळात ८५ ते ९५. उरलेल्यात ओलावा आणि थोडे क्षार. आईच्या रक्ताला हा फरक कळत नाही.

"अरे पण गुळात लोह असतं." असतं. १०० ग्रॅममध्ये काही मिलिग्रॅम. प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं अशी आपल्याकडची अधिकृत शिफारस आहे. ते गुळातून भागवायचं तर रोज अर्ध्या किलोच्या वर गूळ खावा लागेल. बाकी कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय मिळालं हे खरं आहे, पण ते जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. ग्लायसेमिक इंडेक्स हे वेगळं जीआय आहे आणि त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही.

एका मध्यम गुळपोळीत साधारण ३० ग्रॅम गूळ आणि तेवढीच कणीक धरा. म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम कार्ब्ज. दोन पोळ्यांचे ९५. कुणी आईला अठरा-वीस चमचे साखर घातलेलं सरबत पाजलं असतं तर आत्याच पहिली धावून आली असती. पोळीत तेवढंच होतं, पण ते तपकिरी होतं.

हाच प्रकार खजुराचा. आमच्या पिढीचं लाडकं खोटं हे आहे. रील बघा: मिक्सरमध्ये खजूर, अंजीर, काजू, फिरवा, वळा, वरून पिस्ता, आणि खाली "शुगर-फ्री, गिल्ट-फ्री, डायबेटिक फ्रेंडली". खजुरात १०० ग्रॅमला ७५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज, त्यातला बराचसा भाग सरळ ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. निसर्गाने केलेली साखर आहे, एवढंच. पौष्टिक आहे का? हो. मधुमेहींसाठी आहे का? एखादा खजूर, बाकी जेवणात जागा करून. चार खजुरांचा एक लाडू आणि असे दोन लाडू चहाबरोबर, असं नाही.

दुकानातल्या "शुगर-फ्री" मिठाईचं प्रकरण याहून चलाख आहे. तिथे साखर खरंच नसते. तिच्या जागी पुष्कळदा माल्टिटॉल असतं, जे साखरेपेक्षा कमी पण रक्तातली साखर वाढवतंच, आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं. काही गोडव्याच्या पुड्यांमध्ये भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन असतं. ते म्हणजे स्टार्चचे बारीक तुकडे, जे साखरेइतक्याच किंवा तिच्याहून जास्त वेगाने रक्तात उतरतात. चिमूटभर घेता तोवर ठीक आहे, पण वाटी वाटी घालून खीर करायला घेतलीत तर नाही. आणि पेढा-बर्फीचा पाया खवा असतो. दूध आटवलं की त्यातली लॅक्टोज जात नाही, दाट होते. पुढच्या वेळी बॉक्स उलटा करून मागचा तक्ता वाचा. "साखर ०" च्या वरच्या ओळीत एकूण कार्बोहायड्रेट लिहिलेलं असतं. त्या ओळीसाठी कुणी जाहिरात करत नाही.

आता "सोडूनच द्या ना गोड" म्हणणारे. यांचा मला आत्यापेक्षा जास्त राग येतो, कारण यांचं गणित बरोबर असतं. ज्या भाषेत लग्न ठरण्याला साखरपुडा म्हणतात, पास झालं की तोंड गोड करतात, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हटलं की यजमानांचा चेहरा पडतो, तिथे गोड सोडणं म्हणजे फक्त एक पदार्थ सोडणं नसतं. माणूस पंगतीत बसून पंगतीबाहेर जातो. आईने दोन वर्षं तसं केलं. सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः "मला नको" म्हणायचं. मग एके दिवशी रात्री अकरा वाजता फ्रीजच्या उजेडात उभं राहून बासुंदी खाताना मी तिला पाहिलं. मी पाणी प्यायला आलो होतो. दोघंही काही बोललो नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी प्री-डायबेटिक निघाले. एवढी माणसं फ्रीजच्या उजेडात उभी करायची का?

म्हणून मी करायला लागलो. आणि इथे मला माझ्याबद्दलही थोडं वाईट लिहायचं आहे.

इंजिनिअर स्वयंपाकघरात आला की त्याला वाटतं, एक घटक काढायचा, त्या जागी दुसरा ठेवायचा, बाकी कोड तसाच चालेल. मी साखर काढून एरिथ्रिटॉल ठेवलं. हे ग्लुकोजपासून यीस्टच्या मदतीने बनवलेलं साखरेसारखं पांढरं चूर्ण, साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड, रक्तातली साखर जवळजवळ न हलवणारं. पहिली केली नारळाची वडी. पाक होईना. साखरेचा एकतारी पाक बोटांत धरून ताणता येतो. एरिथ्रिटॉल पाण्यात विरघळतं आणि गार झालं की परत खडे होऊन बसतं. तार नाहीच. वडी थापली ती बर्फाच्या चुऱ्यासारखी फुटली. शिवाय जिभेवर कापूर ठेवल्यासारखा गारवा येतो, तो वेगळाच. बाबा म्हणाले, "व्हिक्स घातलंस का रे?"

दुसरा प्रयोग बेसनलाडूचा. बेसनात निम्म्याहून जास्त कार्ब्ज म्हणून मी बेसनच काढलं आणि बदामाचं पीठ भाजायला घेतलं. बेसन तुपात भाजताना जो वास घरभर पसरतो, तो आलाच नाही. बदामाला तेल सुटलं, लाडू वळले ते थाळीत बसून पसरले, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. आईने एक पूर्ण खाल्ला. तिने तो संपवला याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तिनेच मग सांगितलं, "बेसन निम्मं तरी ठेव. वास त्याचा असतो." ठेवलं. निम्मं बेसन, निम्मा बदाम, एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये पिठीसाखरेसारखं बारीक करून, आणि लाडू लिंबाएवढा नाही तर आवळ्याएवढा. एका लाडवात कार्ब्ज चारेक ग्रॅम. आम्ही लहानपणी खायचो तो हा लाडू नाही, पण लाडू आहे.

खरा शोध मात्र श्रीखंडाचा, आणि तो शोध म्हणावा असा नाहीच, कारण उत्तर आपल्या फ्रीजमध्ये आधीपासून पडलेलं होतं. दही फडक्यात बांधून टांगलं की पाण्याबरोबर लॅक्टोजचा बराचसा भाग गळून जातो. उरलेल्या चक्क्यात १०० ग्रॅमला चार-पाच ग्रॅम कार्ब्ज. म्हणजे आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या एक उत्तम लो-कार्ब पदार्थ रात्रभर टांगून तयार करत होत्या, आणि सकाळी त्यात चक्क्याच्या बरोबरीने साखर ओतत होत्या. ती साखर काढली की काम झालं. पाक नाही, भाजणं नाही, तार नाही.

प्रमाण सांगतो, कारण प्रमाण न सांगता "चवीनुसार" लिहिणाऱ्यांवरही माझा राग आहे. अर्धा किलो चक्का, चांगला घट्ट. दही पुरेसं आंबलेलं हवं आणि फडकं रात्रभर टांगलेलं. १०० ते १२० ग्रॅम एरिथ्रिटॉल, अगदी बारीक दळलेलं, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवल्यावर कचकच लागते. स्टीव्हियाचा अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो, म्हणून सुईच्या टोकावर राहील एवढाच. जास्त झाला तर कडवटपणा जाता जात नाही. चिमूट मीठ. वेलची, जायफळ, दुधात खललेलं केशर. जायफळ आणि केशरामुळे तो कापरी गारवा दबतो, हे मला पाचव्या खेपेला कळलं. पुरणयंत्रातून काढा. आठ वाट्या होतात. एका वाटीत चार ग्रॅमच्या आत कार्ब्ज. नेहमीच्या श्रीखंडाच्या तेवढ्याच वाटीत तीसच्या वर.

पाडव्याच्या आधी महिनाभर हे खाऊन आईचे दोन तासांनंतरचे आकडे १४० ते १६० च्या मध्ये राहिले. मी हवेत होतो. आणि मग ते झालं.

एप्रिलमधली संध्याकाळ. मी घरून काम करत होतो, कॉलवर होतो. माझ्या उत्साहात मी आईचं रात्रीचंच नाही, दुपारचंही जेवण बदललं होतं: भात बंद, पोळ्या तीनच्या एक. गोळ्या मात्र त्याच. तिला ग्लिमेपिराइड होती. ही गोळी तुम्ही काय खाल्लं हे न विचारता इन्सुलिन सोडायला लावते. डॉक्टरांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण मी औषधाला हात लावला नव्हता, फक्त जेवणाला लावला होता. असं मला वाटत होतं.

बाबांनी हाक मारली तेव्हा आई सोफ्यावर घामाने भिजली होती, हात थरथरत होते आणि ती माझ्याकडे बघून माझ्या मामाचं नाव घेत होती. मीटरवर ५६. बाबांना एवढं माहीत होतं की शुगर उतरली की गोड द्यायचं. ते फ्रीजकडे धावले आणि समोर दिसलेला डबा उघडून माझे दोन लाडू तिला भरवले. मग श्रीखंडाचे चार चमचे. पंधरा मिनिटांनी ५३.

घरात गोडच गोड होतं, आणि त्यात साखर नव्हती.

शेजारच्या काकू साखरेचा डबा घेऊन आल्या. तीन चमचे साखर, अर्धा ग्लास पाणी. पंधरा मिनिटांत ८१. काकूंनी मला काही विचारलं नाही, फक्त ग्लास विसळून पालथा घातला.

तेव्हापासून आमच्या फ्रीजमधल्या प्रत्येक गोड डब्यावर मार्करने दोन ओळी असतात: एका नगात कार्ब्ज किती, आणि "शुगर उतरली तर हे देऊ नये". फ्रीजच्या दारात ग्लुकोजची पुडी लटकते. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि मला दोन मिनिटं जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही, पण त्याचा सारांश असा की जेवण बदलणं हेही औषध बदलणंच आहे, आणि ते आधी विचारून करायचं. तुम्ही हा लेख वाचून उद्या चक्का टांगणार असाल आणि ज्यांच्यासाठी टांगणार ते गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर फोन आधी करा, दही नंतर लावा.

मग मी आत्यापेक्षा वेगळा कुठे होतो? तिने गुळावर "चालतं" अशी चिठ्ठी लावली, मी लाडवावर लावली. दोघांनीही आईच्या शरीराला विचारलं नाही. फरक असलाच तर एवढा, की माझ्याकडे लॉग होता आणि चूक कुठे झाली हे त्यात सापडलं. "सणाचा आकडा लिहू नकोस" या घरात ते कधीच सापडलं नसतं.

एरिथ्रिटॉलबद्दलही तेच. २०२३ मध्ये एका अभ्यासात ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसलं. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडवे वापरू नका असं सांगितलं. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती आणि एरिथ्रिटॉलसारख्या पदार्थांनाही लागू नव्हती, पण व्हॉट्सॲपवर हे दोन्ही अपवाद गळून पडले. मी यातून काढलेला अर्थ: सणाला वाटीभर श्रीखंड, हो. रोज रात्री "फ्री आहे ना" म्हणून वाडगाभर, नाही.

पैशांचं बोललंच पाहिजे. साखर चाळीस-पंचेचाळीस रुपये किलो असेल तर एरिथ्रिटॉल त्याच्या दहापटीहून महाग पडतं. बदामाच्या पिठाबद्दल तर विचारूच नका. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही शुगर आहे, आणि त्यांना मी बदामाच्या पिठाचं कौतुक सांगू लागलो तर त्यांनी मला तव्याने हाणावं. त्यांच्यासाठी माझ्याकडे जे उत्तर आहे ते चमकदार नाही: चक्का किंवा दाण्याचं कूट-खोबरं, त्यात अर्धा चमचा खरी साखर, छोटी वाटी, जेवणाच्या शेवटी आणि भात कमी करून. अर्धा चमचा साखर म्हणजे दोन-अडीच ग्रॅम. हे गुळपोळीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. पण यावर कुणी रील करत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

आणि वेळेचं. "आईसाठी वेगळं कर ना काहीतरी" हे आमच्या घरात सहा वर्षं बोललं गेलं आणि ते वेगळं करायचं कुणी, तर आईने. चाळीस पुरणपोळ्या लाटून झाल्यावर स्वतःसाठी वेगळं पातेलं चढवायचं. कोण करेल? म्हणून ती त्याच पोळीतली अर्धी खायची, आणि आपण वर गुळाचं सर्टिफिकेट द्यायचो. "चालतं" या शब्दाची सगळी सोय यात आहे. तो म्हटला की कुणाला उठावं लागत नाही. माझ्या वयाच्या मुलांनो, तुम्हाला कुबर्नेटिस येतं. चक्का टांगता येईल.

दसऱ्याला मी उलटं करणार आहे. वेगळं पातेलं नाहीच. अकरा माणसांना एकच श्रीखंड, साखर न घातलेलं, आणि ज्याला कमी गोड वाटेल त्याच्यासाठी बाजूला पिठीसाखरेची वाटी. पाच जणांनी ती वाटी पुढे सरकवायची. आईला हे पटलेलं नाही. पाहुण्यांना असं वाढलं तर लोक काय म्हणतील, असं तिचं म्हणणं आहे, शिवाय माझं जायफळ जास्त होतं. आत्याला मात्र फोनवर सांगितलं तर ती खूश झाली, कृती लिहून घेतली, आणि शेवटी विचारलं, "त्या इरिथ्रि-कायशाऐवजी थोडा गूळ घातला तर?"

मी तिला गुळपोळीचं गणित पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अठरा मिनिटं लागली. रविवारी ती मीटर घ्यायला केमिस्टकडे जाणार आहे, असं म्हणाली तरी आहे.